परीखानची रिवास

सेरकानी
१७ एप्रिल २०१५

गेलास,

माझा आवाज ऐकला की तू फोन कापतेस. कापत जा. कागद फाडायच्या आधी निदान दोन ओळी तरी डोळ्यांखालून जातील, म्हणून हे पत्र हमदच्या गाडीतून पाठवतेय. तुझ्या हातात दिल्याशिवाय हेवलेर शहरात चहा प्यायचा नाही, असं त्याला बजावलंय.

तू त्याच्यासोबत मला निरोप धाडलास. "ज्या झाडानं माझ्या पोराचा पाय खाल्ला, ते ती घरामागे लावतेय? सांग तिला, माझी बहीण मेली." हमद बिचारा दारात उभा राहिला, मान खाली घातली आणि शब्दन् शब्द बोलून मोकळा झाला. मग म्हणाला, "परीखान, चहा आहे का?" दिला. मेलेल्या बाईच्या हातचा चहा त्याला गोड लागला, दुसरा पेलाही मागितला.

तर तू ऐकलंस ते खरं आहे. घरामागच्या उतारावर, शेताच्या वरच्या पायरीवर, अब्बांनी द्राक्षं लावली होती त्या जागी, मी डोंगरातली ती आंबट देठांची रिवास पेरलीय.

तू म्हणतेस झाडानं पाय खाल्ला. गेलास, आपण लहान असताना सैनिक वर लढायला आले आणि जाताना जमिनीत सुरुंग पुरून गेले. रेबीनचा पाय त्यांनी खाल्ला. रिवास तिथे त्यांच्याही आधीपासून होती.

रेबीनला तू हेवलेरला नेलंस त्या वसंतात गाव घाबरून घरात बसलं. पुढच्या वसंतात पुन्हा निघालं. सुरुंगांची खूण म्हणून लाल रंग फासलेल्या दगडांच्या पलीकडे चांगली, जाड, लालबुंद देठांची रिवास मिळते, आणि चोमानच्या बाजारात लोक तीच मागतात. परवा हाजी कादरच्या सुना पोती घेऊन उतरताना दिसल्या. मी म्हटलं, "अगं बायांनो, जिवाची काही भीती?" धाकटी रुनाक हसली. म्हणाली, "मावशी, आम्ही ओळखीच्या वाटेनंच जातो."

रेबीनचीही वाट ओळखीचीच होती.

मी रात्रंदिवस हाच विचार केला. बर्फ वितळल्यावर आंबट देठ सोलून, मिठाला लावून खाल्ल्याशिवाय आपल्या लोकांना हिवाळा संपला असं वाटत नाही. आपल्याला तरी कुठे वाटायचं? खाणं कोणी सोडणार नाही. मग लोकांनी वर जाऊ नये असं वाटत असेल, तर रिवासलाच खाली आणलं पाहिजे.

माझा नवरा म्हणवणारा वसमान म्हणतो, "डोंगराचं डोंगरात राहतं. रिवास ढगांच्या गडगडाटानं उगवते, बाईच्या हातानं नाही." मी म्हटलं, "मग तू आभाळाकडे तोंड करून गडगड, मी बी टाकते."

तुझा नवरा असता तर तोही हसला असता. पण त्यानं मदत केली असती.

तुला मेलेली असलेली,
परीखान


सेरकानी
२ जुलै २०१६

गेलास,

मागच्या पत्रात मी ऐटीत लिहिलं होतं, रिवास पेरली म्हणून. तेव्हाच ती कुजायला लागली होती. ते लिहिलं नव्हतं.

टोमॅटोला घालतात तसं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. बरंचसं बी उगवलंच नाही आणि जे उगवलं ते मानेशी काळं पडून आडवं झालं. मग बसून विचार केला की वर तिला पाणी कोण घालतं? बर्फ घालतो, आणि तोही वितळून दगडांतून खाली निघून जातो. मग मी ती पायरी पुरती उकरली. चांगली काळी माती भाजीला नेली आणि तिथे नदीकाठची खडी, फुटके दगड भरले. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. लोक शेतातले दगड वेचून बाहेर टाकतात आणि ही बाई विकत घेतल्यासारखे आत आणतेय! वसमान तर लाजून त्या आठवड्यात मशिदीतही मागच्या रांगेत बसला.

बर्फ पडायच्या तोंडावर पुन्हा बी टाकलं. कडेनं अक्रोडाची रोपं, वाऱ्याच्या अंगाला आंबट लाल फळांच्या सुमाकची झुडपं, मधल्या रिकाम्या जागेत केंगरचं बी. केंगर काट्यांची असली तरी तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी तुला किती आवडायची! मग सगळं बर्फाखाली झोपवलं आणि वर काही झाकलं नाही. तिला थंडीच हवी होती.

आणि यंदा वसंतात ती आली, गेलास! एकेका रोपाला एकच पान. गोल, सुरकुतलेलं, बाळाच्या कानाएवढं. मी रोज सकाळी वाकून बघायची. वसमान म्हणायचा, "नमाजालासुद्धा इतक्या वेळा वाकत नाहीस."

जून आला आणि पानं पिवळी पडली. मग तपकिरी. मग हात लावला की चुरा. एकही उरलं नाही. हाजी कादर माळ ओढत बांधावर आला आणि मोठ्यांदा म्हणाला, "परीखान, फातिहा वाचायला आलोय. मयत कुठे आहे?" सगळे हसले. वसमान मात्र हसला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मी रडले नाही, असं हमद तुला सांगेल. आमचा गोठा कुठे आहे ते हमदला माहीत नाही.

संध्याकाळी मी बोटांनीच एका जागी उकरलं. खडीच्या आत, खोल, करंगळीएवढं मूळ होतं. पांढरं, टणक, ओलसर. नख लावलं तर पाणी आलं. वर काही नव्हतं, पण खाली ती जिवंत होती, गेलास! उन्हाळा आला म्हणून दार लावून झोपली होती, इतकंच. मी तिला परत पुरलं आणि कोणालाही सांगितलं नाही. वसमानलाही नाही. फक्त तुला सांगतेय, आणि तू तर हे वाचतही नसशील.

परीखान


सेरकानी
२९ एप्रिल २०१७

गेलास,

रेबीन इथे आहे. तुला त्यानं सोरानला मित्राचं लग्न असल्याचं सांगितलंय. मला म्हणाला, "आईला कळवणार नाहीस, अशी शपथ घे." मी चहा गाळत होते, शपथ काही घेतली नाही. म्हणून कळवतेय.

आधी हे ऐक की तो बरा आहे, जेवतोय, द्राक्षाच्या पानांत भात भरलेला माझ्या हातचा दोल्मा तीनदा मागून घेतलाय.

बुधवारी हमदची गाडी थांबली आणि तो उतरला. खांद्यावर पिशवी, हातात काठी. मी धावत गेले, तर मला मिठी मारायच्या आधीच म्हणाला, "मावशी, कुठे आहे ती?"

"कोण रे?"

"जिच्यापायी मी लंगडा झालो."

यंदा ती दोन दोन, तीन तीन पानं घेऊन आली होती, मेली म्हणून गाव हसलं होतं ती सगळीच्या सगळी. हाजी कादरनं बांधावरून बघितलं आणि माळ ओढत निघून गेला होता. आणि आता हा पोरगा हातात काठी घेऊन उभा. पण त्यालाच नाही कोण म्हणणार? त्याच्याइतका हक्क ह्या गावात कोणाचा आहे? म्हणून घेऊन गेले वर. मनात ठरवलं, त्यानं एकूण एक उपटली तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.

तो उभा राहिला. मग काठी बाजूला टाकली, बनावटी पाय लांब करून खाली बसला आणि बघत राहिला. मग एकदम हसायला लागला.

"एवढीशी?" म्हणाला. "मावशी, मी इतकी वर्षं स्वप्नात हिला माणसाएवढी बघतोय. ही तर एवढीशीच आहे."

मग पुढे वाकून एका पानाखाली बोट घातलं आणि चक्क मला रागावला. "वर दगड का नाही रचलेस? खडीत लावलीस, ठीक आहे. पण डोंगरात ती दगडांच्या ढिगातून वाट काढत वर येते. ऊन लागायच्या आधी देठ अंधारात वाढतो, म्हणून तर कोवळा असतो. अशी उघड्यावर ठेवलीस तर गाढवसुद्धा खाणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून दगड रचतोय. वसमान बांध घालतोय, साळिंदर येतं म्हणून. दोघं मिळून माझ्यावर विनोद करतात. मी ऐकून घेते, मला बरं वाटतं.

काल जेवताना तो म्हणाला, टीव्हीवर डोंगर दिसला की आई बटण दाबते. मी त्याच्या पानात अजून एक दोल्मा वाढला.

तुझी,
परीखान


सेरकानी
११ मे २०१९

गेलास,

दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत मीच लिहिते. रेबीनला काही झालेलं नाही. हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे वाच.

"माझं पोर परत पाठव," असा निरोप तू दर दोन महिन्यांनी धाडतेस. मी दर वेळी त्याला सांगते. तो म्हणतो, "पोर? माझ्या दाढीत पांढरे केस आलेत." तू विणून पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. जोडी पाठवलीस, दोन्ही पायांची. तो खूप हसला आणि मग दोन्ही घातले. अजून काढत नाही.

यंदाचं वर्ष वाईट होतं. रिवासला चार वसंत झाले होते, पानं हाताच्या पंजाएवढी, देठ दिसायला लागलेले. बायका रोज बांधावर. "परीखान, आता तरी काप." मी म्हणायचे, अजून नाही. आत्ता कापली तर मूळ उपाशी राहील आणि पुढच्या वर्षी काहीच येणार नाही. रुनाक म्हणाली, "तुझी ही नवरी कधी सासरी जायची, मावशी? आम्ही तोवर वर जाऊन येतो." ती चेष्टेत म्हणाली असं मला वाटलं.

मागच्या शनिवारी सकाळी आवाज झाला. तो आवाज कसा असतो ते तुला सांगायला नको.

रेबीन पायरीवर दगड लावत होता. मी घरातून धावत आले तेव्हा तो चढावर निघालाही होता. मी ओरडले, "रेबीन! रेबीन, थांब!" त्यानं मागे बघितलं नाही. मी आणि वसमान त्याच्या मागे. गेलास, एवढी मी आयुष्यात कधी धावले नव्हते, आणि काठीवर चालणारा तो पोरगा आम्हाला गाठता आला नाही.

लाल दगडांपाशी तो थांबला. पुढे एक पाऊलही गेला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पलीकडे खेचर पडलं होतं. त्याच्या थोडं वर रुनाक उभी होती, दोन्ही हात कानांवर, तोंड उघडं, आणि सगळं अंग हलत होतं. ती पळणार होती. कुठल्याही बाजूला पळाली असती.

"रुनाक!" तो ओरडला. "जागची हलू नकोस. माझ्याकडे बघ. तुझे पाय आहेत ना दोन्ही? मोज."

ती रडत म्हणाली, "आहेत."

"मग माझ्यापेक्षा एक जास्त आहे. आता खाली बघ. रात्री पाऊस झालाय, तुझी पावलं चिखलात उठलीत. चढताना जिथे टाच टेकवलीस तिथेच पाय ठेवून ये. घाई नको. मी इथेच आहे, मला काही काम नाही."

ती एकेक पाऊल खाली येत होती आणि तो बोलत होता. मध्येच ती थांबायची, मग तो काहीतरी बोलून तिला चिडवायचा. "तुझा सासरा खेचरासाठी रडेल की तुझ्यासाठी?" रडता रडता ती म्हणाली, "खेचरासाठी." लाल दगड ओलांडून ती माझ्या अंगावर पडली. आणि मग रेबीन खाली बसला. त्याच्यानं उठवेना. वसमाननं त्याला पाठुंगळीला मारून खाली आणलं, लहानपणी आणायचा तसं.

दुसऱ्या दिवशी हाजी कादर आला. डोक्याला फेटा नव्हता. दाराच्या आत न येता म्हणाला, "परीखान, बी आहे का? मला रिवास लावायला शिकव."

मी काही बोलायच्या आत रेबीन आतून म्हणाला, "हाजी, आधी ती फातिहा परत घ्या."

म्हातारा हसला आणि मग उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडला. आता प्रत्येक घर आपापल्या पायरीवर खडी भरतंय. पीक यायला वर्षं लागतील हे सगळ्यांना सांगितलंय, आणि तोवर माझी कापायला आली की सगळ्यांत वाटली जाईल. हाजीनं मशिदीच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं, "जो दगडांपलीकडे जाईल त्याच्या घरचं जेवण मी जेवणार नाही." हाजी जेवल्याशिवाय कोणाचं लग्न पार पडत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझा मुलगा कोण आहे हे तुला कळावं, म्हणून एवढं लिहिलं.

परीखान


सेरकानी
१६ मे २०२१

गेलास,

तू काल गाडीत बसून होतीस ते मी बघितलं. हमद वर येऊन म्हणाला, "आत कोणी नाही, पोती आहेत." चेहरा असा गंभीर, जसा काही खरंच बोलतोय. मी म्हटलं, "हमद, पोती कधीपासून फुलाफुलांचा रुमाल बांधायला लागली?"

तू तुझ्या बाजूनं सगळं पाहिलंस. आता माझ्या बाजूनं ऐक, कारण काल आपल्याला बोलता आलं नाही, नुसत्या रडत होतो दोघी.

सकाळी धुकं होतं. सगळं गाव पायरीवर. रेबीननं दगड बाजूला केले आणि आत देठ होते, मनगटाएवढे! खाली पांढरे, मध्ये गुलाबी, वर लाल. बायका एकमेकींना ढकलत पुढे आल्या. पहिला देठ कोणी काढायचा यावर वसमान आणि हाजी भांडायला लागले. रेबीननं दोघांना सोडून चाकू रुनाकच्या हातात दिला. तिनं एका रोपाचे थोडेच देठ घेतले, बाकीचे ठेवले, शिकवल्याप्रमाणे.

चोमानहून बाजारवाली गुलाले आली होती. तीस वर्षं रिवास विकतेय, बागेतली म्हटल्यावर नाक मुरडूनच आली. "बागेतली म्हणजे काकडी," म्हणाली. मी देठ पुढे केला. तिनं चावा घेतला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, खांदे वर गेले, आणि ती म्हणाली, "हरामखोर! ही तर डोंगरातलीच आहे. मला फसवताय?" सगळे असे हसले की खालच्या आळीतले कुत्रे भुंकायला लागले.

तेवढ्यात गाडी आली.

मी खाली आले नाही. माझा तुझ्यावर राग होता म्हणून नव्हे. मला बघून तू पुन्हा गाडी फिरवायला लावशील, अशी भीती होती. रेबीन गेला. खिडकीतून तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. मला फक्त दिसलं की त्यानं एक देठ खिडकीतून आत दिला आणि तो बाहेर उभा राहिला. हाजी कादरनं माळ ओढायची थांबवली, म्हणजे बघ.

मग गाडीचं दार सरकलं.

तू चढून आलीस. एका हातात देठ, दुसरा हात रेबीनच्या खांद्यावर. की त्याचा तुझ्या खांद्यावर होता? लांबून कळत नव्हतं. तू एकेक वाफा बघत आलीस. माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि देठ सोलायला लागलीस. आई सोलायची तसाच, बुडाकडून वर, सालीचा एकच लांब धागा. शेवटपर्यंत धागा तुटला नाही. मग तू चावा घेतलास. डोळे मिटलेस. मला वाटलं आता थुंकशील. खरंच वाटलं.

तू म्हणालीस, "मीठ कुठे आहे?"

गेलास, ह्या गावानं लग्नंही बघितलीत आणि ईदही. पण त्या क्षणी बायकांनी जीभ हलवत आनंदाचा जो हलहल केला, तसा मी कधी ऐकला नाही. रुनाकनं मिठाची वाटी आणली, ती तिच्या हातून सांडली, आणि आपण दोघी जमिनीवर बसून खडीतलं मीठ बोटानं उचलून खाल्लं.

रात्री तू माझ्या अंथरुणात झोपलीस. घोरतेस अजून. वसमान म्हणतो की मी जास्त घोरते. आज सकाळी तू गेलीस, हेवलेरच्या घराची आवराआवर करायला. रेबीनचं आणि रुनाकच्या धाकट्या बहिणीचं काय चाललंय ते त्यानं तुला सांगितलं म्हणे. मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. हे एक मी लिहिलं नव्हतं.

तुझी परी


सेरकानी
२८ जून २०२१

गेलास,

हे तू सामान बांधताना वाच आणि बांधणं उरक.

दोन वर्षं वर कोणी गेलेलं नाही. डोंगरातली रिवास कापलीच नाही, म्हणून ती मोठी झाली, फुलली, आणि आता तिला बी धरलंय. तुला आठवतं का बी कसं असतं? लाल, पातळ, पंखांचं, झुपक्यांनी. मी पेरायला अलीकडून मूठभर वेचलं होतं, पण असं डोंगरभर लागलेलं आपण कधी बघितलंच नव्हतं. सगळे देठच कापून आणायचे.

आज संध्याकाळी वसमाननं मला हाक मारून छतावर बोलावलं. गेलास, लाल दगडांपासून वरपर्यंत सगळा उतार लाल झालाय. बर्फ जिथे अजून उरलाय तिथपर्यंत. मावळत्या उन्हात तर नजर ठरत नव्हती. एकेक करून सगळी घरं छतावर आली. लेकरं, म्हातारी, ज्यांनी तिथे माणसं गमावली तीसुद्धा. हाजी कादरला चौघांनी उचलून वर आणलं. तो म्हणाला, "माझा बाप सांगायचा असा डोंगर. मला वाटायचं म्हातारा बढाया मारतो."

रेबीन माझ्या शेजारी बसला होता. त्यानं बनावटी पाय काढून बाजूला ठेवला, टेकला आणि डोळे न हलवता तिकडे बघत राहिला. अंधार पडत आला तरी कोणी खाली उतरलं नाही. मग वाऱ्याची झुळूक आली आणि त्या उतारावरून लाल बी उडून गावाकडे यायला लागलं. छपरांवर, पायऱ्यांवर, बायकांच्या रुमालांवर. रेबीननं आपल्या हातावरचं एक उचललं, उजेडाकडे धरलं, आणि माझ्या मुठीत ठेवलं.

शुक्रवारी हमदची गाडी रिकामी येतेय. मोठं पातेलं विसरू नकोस, लग्नाला माझं पुरणार नाही.

परी